क्योतोची आखणी बंद दिवसांपासून सुरू करा

क्योतोहून परतलेल्या कुटुंबांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. चार दिवस हाताशी होते, पण एक राजवाडा बंद दारावरून परत फिरून सोडावा लागला, दुसऱ्यासाठी अर्ज लागतो हे तिथे गेल्यावर कळले, एक अख्खा दिवस बसमध्ये गेला आणि संध्याकाळी पाचला सगळे दरवाजे लागल्यावर पुढे काय करावे ते सुचेना. यात नशिबाचा भाग फारसा नसतो. बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट काढतात, मग स्वस्तातले हॉटेल घेतात आणि काय पाहायचे याची यादी अगदी शेवटी करतात. क्योतोसाठी हा क्रम उलटा करावा लागतो. आधी बंद दिवस, मग अर्ज, मग शहराचे भाग, मग मुक्काम आणि त्यानंतर प्रवासाची तिकिटे, असा क्रम पुढे दिला आहे. टप्पे मागेपुढे केले तर काही ठिकाणे हातची जातात, म्हणून तो पाळावा.

## टप्पा १ : वार आणि महिना

दिनदर्शिका समोर घेऊन पहिली खूण सोमवारांवर करावी. सम्राटांचा जुना राजवाडा, म्हणजे क्योतो गोशो, सोमवारी बंद असतो. सोमवारी जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी असेल, तर त्या दिवशी तो उघडा राहतो आणि दुसऱ्या दिवशी बंद असतो. २८ डिसेंबर ते ४ जानेवारी या काळातही आत जाता येत नाही. सेंतो राजवाडा आणि कात्सुरा व शुगाकुइन ही राजघराण्याची दोन उद्यानगृहे त्याच खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे सोमवारचा नियम तिथेही धरून चालावे.

दुसरी खूण मंगळवारांवर करावी, पण ती ठरावीक महिन्यांपुरती. निजो किल्ल्यातला निनोमारू राजवाडा जानेवारी, जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबर या चार महिन्यांत मंगळवारी पाहता येत नाही आणि संपूर्ण किल्ला २९ ते ३१ डिसेंबरला बंद असतो. किल्ल्याचे आवार उघडे असल्यामुळे लोक तिकीट काढून आत जातात आणि ज्यासाठी आलो तेच बंद असल्याचे त्यांना नंतर कळते. थोडक्यात, या चार महिन्यांत ज्यांचा मुक्काम फक्त सोमवार-मंगळवार असा येतो, त्यांनी निजो सोमवारी आणि गोशो मंगळवारी ठेवावे; उलट केले तर दोन्ही हुकतात.

महिन्याबद्दल इतकेच लक्षात ठेवावे. साकुराचा, म्हणजे चेरीचा, बहर साधारणपणे मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो, मेपलची लाली नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत टिकते आणि या दोन्ही काळांत गर्दी व खोल्यांचे दर कळसाला पोहोचतात. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांची स्वतःची सलग सुट्टी असते. महाराष्ट्रातल्या शाळांच्या मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी म्हणूनच मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच्या तारखा घ्याव्यात. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो आणि त्यानंतर ऑगस्टभर जो दमट उकाडा होतो, तो कोकणातल्या ऑक्टोबरच्या उन्हाला सरावलेल्या माणसालाही जड जातो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना पूर्ण लाली मिळेलच असे नाही, पण हवा सुखद असते आणि रांगा सुसह्य असतात.

सावधान : १५ मे, १७ आणि २४ जुलै व २२ ऑक्टोबर या दिवशी शहरात मोठ्या मिरवणुका निघतात. मिरवणूक पाहायची असेल तर उत्तमच, पण त्या दिवशी बसमार्ग वळवले जातात, त्यामुळे लांबची ठिकाणे त्या तारखांना ठेवू नयेत.

## टप्पा २ : अर्ज कुठे लागतो आणि कुठे लागत नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. जुन्या पुस्तकांतून आणि कुणाच्या तरी दहा वर्षांपूर्वीच्या सहलीतून मिळालेली माहिती अजून फिरत असते.

क्योतो गोशोसाठी अर्ज लागत नाही. २०१६ पासून तो बंद दिवस सोडून वर्षभर खुला असतो आणि प्रवेश मोफत आहे. फक्त दारावर पिशव्या तपासल्या जातात.

कात्सुरा, शुगाकुइन आणि सेंतो यांचा प्रकार वेगळा आहे. तिथे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या संख्येचा गट मार्गदर्शकाबरोबर आत सोडला जातो. जपानच्या राजघराण्याचे कामकाज पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर साधारण तीन महिने आधीपासून अर्ज घेतले जातात आणि चांगल्या ऋतूतल्या कात्सुराच्या जागा फार लवकर संपतात. एका अर्जात जास्तीत जास्त चार माणसांची नावे देता येतात. सहा-सात जणांच्या कुटुंबाला दोन अर्ज करावे लागतात आणि दोघांना एकच वेळ मिळेल याची खात्री नसते, हे घरात आधीच बोलून ठेवावे. नावे पासपोर्टवर आहेत तशीच भरावीत, कारण दारावर पासपोर्ट पाहिला जातो. कात्सुरासाठी प्रौढांना १,००० येन शुल्क आहे, उरलेली दोन्ही ठिकाणे मोफत आहेत. तिन्ही ठिकाणी वयाची अट असते आणि लहान मुलांना नेता येत नाही. अर्ज भरण्यापूर्वी ती अट वाचावी, नाहीतर एका पालकाला मुलासह बाहेर थांबावे लागते.

या तिघांपैकी एकच निवडायचे असेल तर मी कात्सुरा निवडेन. शुगाकुइनची फेरी सुमारे तीन किलोमीटरची असून चढ-उताराची आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी तिचा आग्रह धरू नये.

अर्ज हुकला तरी काही जागा त्याच दिवशी, प्रथम येईल त्याला, अशा दिल्या जातात. तेवढ्या भरवशावर मात्र दिवसाची आखणी बेतू नये.

आणखी दोन ठिकाणी आगाऊ नोंदणी लागते. शेवाळाच्या बागेसाठी ओळखले जाणारे साइहो-जी हे मंदिर नोंदणीशिवाय कुणालाही आत घेत नाही. ऑनलाइन नोंदणी दोन महिने आधीपासून होते, देणगी माणशी किमान ४,००० येन आहे आणि बाग पाहण्याआधी सूत्रलेखनाला, म्हणजे बौद्ध सूत्र हाताने उतरवायला, बसावे लागते. निजो किल्ल्यातला होनमारू राजवाडा दीर्घ दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडला. त्याची नोंदणी आणि शुल्क किल्ल्याच्या तिकिटाहून वेगळे आहे.

किनकाकु-जी, गिनकाकु-जी, कियोमिझू-देरा, र्‍योआन-जी आणि फुशिमी इनारी या प्रसिद्ध मंदिर-देवस्थानांत मात्र सरळ दारावर जावे.

पडताळणी : या टप्प्याच्या अखेरीस एका कागदावर फक्त तारीख आणि वेळ पक्की असलेल्या भेटी लिहिलेल्या असाव्यात. बाकीचा सगळा कार्यक्रम या खुंट्यांभोवती बांधायचा आहे.

## टप्पा ३ : चार भाग पाडा, एका दिवशी एकच घ्या

क्योतो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसले आहे. मधला भाग चौकटीच्या कागदासारखा सरळ आखलेला आहे, पण प्रसिद्ध मंदिरे बहुतेक कडेला, डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. म्हणून नकाशावर जवळ दिसणारी दोन ठिकाणे प्रत्यक्षात शहराच्या दोन टोकांना असतात. सकाळी वायव्येचे किनकाकु-जी, दुपारी आग्नेयेचे कियोमिझू आणि संध्याकाळी पश्चिमेचे आराशियामा ही अनेक सहल कंपन्यांची आवडती मांडणी आहे. ती स्वतःची गाडी दारात उभी असणाऱ्यांसाठी आहे. बस आणि रेल्वेने फिरणाऱ्याने तिचे अनुकरण करू नये.

प्रत्येक भागातला क्रम ठरवताना साधा नियम वापरावा. ज्या ठिकाणाला दरवाजाच नाही ते पहाटे, जे लवकर उघडते ते त्यानंतर, आणि नऊला उघडून पाचला बंद होणारी ठिकाणे मधल्या वेळेत.

पूर्व. कियोमिझू-देरा सकाळी सहाला उघडते. सव्वासहाला तिथल्या लाकडी सज्जावर उभे राहिलेला माणूस आणि साडेदहाला तिथे पोहोचलेला माणूस एकच ठिकाण पाहत नाहीत. तिथून सान्नेनझाका आणि निनेनझाका या उतरत्या गल्ल्यांनी यासाका देवस्थानाकडे यावे. खालून वर जाणाऱ्यांना याच पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून दिशा महत्त्वाची आहे. पुढे हिगाशियामा स्थानकावरून भुयारी रेल्वेने एकच स्थानक पलीकडच्या केआगेला जावे, नानझेन-जी पाहावे आणि कालव्याकाठच्या सुमारे दोन किलोमीटरच्या ‘तत्त्वज्ञाच्या वाटे’ने उत्तरेला गिनकाकु-जीपर्यंत चालत जावे. ते पाचला बंद होते, हिवाळ्यात साडेचारलाच.

पश्चिम आणि वायव्य. आराशियामाच्या बांबूच्या वाटेला दार नाही, म्हणून दिवस तिथून सुरू करावा. क्योतो स्थानकावरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाडीने सागा-आराशियामा सुमारे पंधरा मिनिटांवर आहे. साडेआठला तेनर्‍यू-जीची बाग पाहावी, मग रांदेन या छोट्या ट्राम-रेल्वेने काताबिरानोत्सुजीला गाडी बदलून निन्ना-जीला उतरावे आणि तिथून र्‍योआन-जी व शेवटी किनकाकु-जी असे चालत जावे. र्‍योआन-जीच्या खडकांच्या बागेत पंधरा दगड आहेत आणि ओसरीवर बसून एका जागेवरून ते सगळे दिसत नाहीत. मोजण्यात वेळ घालवणारे पुष्कळ दिसतात, पण दहा मिनिटे नुसते बसलेले बरे.

मध्य. नऊला गोशो, त्यानंतर भुयारी रेल्वेने निजो किल्ला आणि दुपारनंतर निशिकी बाजार. या दिवशी बस लागतच नाही. पावसाची शक्यता असेल तर हा दिवस मागेपुढे करता यावा अशी सोय ठेवावी, कारण निनोमारूची फेरी छपराखाली होते.

दक्षिण. फुशिमी इनारी चोवीस तास उघडे आणि मोफत आहे. जेआर नारा मार्गावर क्योतोपासून दुसरे स्थानक इनारी असून देवस्थानाची कमान त्याच्या समोरच उभी आहे. तिथे फक्त प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी थांबते, जलद गाडी थेट पुढे निघून जाते. केशरी तोरणांखालची गर्दी पहिल्या अर्ध्या तासाच्या चढणीतच असते. मधल्या योत्सुत्सुजी चौकापर्यंत चढल्यावर ती निम्म्याहून कमी होते आणि तिथून शहरही दिसते. पूर्ण फेरीला दोन ते तीन तास धरावेत. परतीच्या वाटेवर तोफुकु-जी, मग सान्जूसानगेन-दो आणि तोजी घ्यावे.

या शेवटच्या दोन ठिकाणी मराठी वाचकाने इतरांपेक्षा अर्धा तास जास्त ठेवावा. सान्जूसानगेन-दोमध्ये कान्नोन देवतेच्या १,००१ मूर्ती आहेत, आणि त्यांच्यापुढे रक्षक देवतांची जी रांग उभी आहे तिच्यातल्या अनेक देवता मूळच्या भारतातल्या आहेत. तोजीच्या प्रवचनगृहात ब्रह्मदेव आणि इंद्र बोनतेन व ताइशाकुतेन या नावांनी बसलेले आहेत. ओळख पटल्यावर पाय तिथून निघत नाही, आणि वेळापत्रक कोलमडते ते अशाच जागी.

## टप्पा ४ : मुक्कामाची जागा

हॉटेल निवडताना कोणते मंदिर जवळ आहे हे पाहू नये, भुयारी रेल्वे किती जवळ आहे ते पाहावे. कारासुमा मार्ग उत्तर-दक्षिण धावतो, तोझाई मार्ग पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही कारासुमा-ओइके स्थानकात एकमेकांना छेदतात. या स्थानकापासून शिजोपर्यंतचा आणि खाली क्योतो स्थानकापर्यंतचा पट्टा मुक्कामाला सर्वांत सोयीचा आहे. गिओन या जुन्या वस्तीतल्या घरातली खोली छायाचित्रात सुंदर दिसते, पण मोठी बॅग ओढत अरुंद गल्ली आणि उभा लाकडी जिना चढायचा असतो.

खोलीच्या दराखेरीज शहर माणशी, दर रात्री मुक्काम कर घेते. १ मार्च २०२६ पासून त्याचे दर बदलले आहेत. रात्रीचा दर माणशी ६,००० येनच्या आत असेल तर २०० येन, २०,००० च्या आत ४००, ५०,००० च्या आत १,०००, १,००,००० च्या आत ४,००० आणि त्याहून महाग खोलीला १०,००० येन. हा कर अनेकदा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो.

पारंपरिक र्‍योकानमध्ये (जपानी पद्धतीच्या अतिथिगृहात) राहायचे असेल तर एक रात्र पुरते. तिथे रात्रीचे जेवण ठरल्या वेळी, बहुधा संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास वाढतात आणि उशीर चालत नाही. जमिनीवरच्या गादीवरून उठणे ज्यांना कठीण जाते त्यांच्यासाठी पलंगाची खोली आधीच मागून घ्यावी.

क्योतोत खोल्या फार महाग झाल्या तर ओसाकात राहून रोज येता येते. जलद गाडीने अर्धा तास लागतो. पण मग टप्पा ३ मधल्या पहाटेच्या भेटी जवळजवळ सोडून द्याव्या लागतात, आणि माझ्या मते सहलीचा निम्मा जीव त्या पहाटेतच असतो.

## टप्पा ५ : कागदपत्रे, रोकड आणि पायांतले

भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून जपानचा पर्यटक ई-व्हिसा मिळतो. तो पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून संकेतस्थळावरचे पान थेट दाखवावे लागते. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे उतरल्याबरोबर चालेल अशा डेटाची सोय आधी करावी.

मंदिरांच्या तिकीटखिडकीवर अजूनही बऱ्याच ठिकाणी रोकडच लागते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात. नाण्यांसाठी छोटा बटवा जवळ ठेवावा, कारण दिवसाअखेर खिसा नाण्यांनी भरतो आणि दुसऱ्या दिवशी नेमकी तीच लागतात.

पादत्राणे हा विषय किरकोळ वाटतो, पण एका दिवसात सहा-सात वेळा बूट काढावे-घालावे लागतात. नाडीचे बूट टाळावेत आणि न फाटलेले पायमोजे घालावेत. हिवाळ्यात मंदिरांच्या लाकडी फरश्या बर्फासारख्या गार असतात, तेव्हा जाड मोज्यांची जोडी पिशवीत असू द्यावी.

सावधान : मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेता येत नाहीत. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता आणि रोपे यांवरही कडक बंधने आहेत. घरची चटणी आणि कोरडे पदार्थ नेण्यापूर्वी त्यात यांतले काही नाही ना, हे पाहावे.

## टप्पा ६ : शहरात पोहोचणे

ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून हारुका ही गाडी बदल न करता सुमारे ८० मिनिटांत क्योतो स्थानकात आणते. परदेशी पर्यटकांसाठी तिचे सवलतीचे तिकीट मिळते, ते आधी घेतलेले बरे. तोक्योहून येणाऱ्यांना नोझोमी शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. फुजी पर्वत उजव्या हाताला दिसतो, त्यासाठी साध्या डब्यात ‘ई’ आसन मागावे.

सात दिवसांचा जेआर पास सवयीने घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत ५०,००० येन झाली, आणि नोझोमीसाठी वर वेगळे पैसे पडतात. तोक्यो-क्योतो जाऊन-येऊन सुट्या तिकिटांनी साधारण २८,००० येन होतात. हिरोशिमाच्याही पलीकडे जायचे नसेल तर हिशोब जुळत नाही. क्योतोच्या भुयारी रेल्वेत आणि शहर बसमध्ये तर तो चालतही नाही.

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त होत असेल, तर या शिंकानसेनमध्ये मोठ्या सामानाची जागा असलेले आसन आधी राखून ठेवावे लागते. ते केले नाही तर गाडीत १,००० येन आकारले जातात. याहून चांगला उपाय म्हणजे मोठी बॅग आदल्या दिवशी घरपोच सेवेने, म्हणजे ताक्क्यूबिनने, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवणे. बहुतेक हॉटेलांच्या स्वागतकक्षात ही सोय असते आणि बॅग साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका रात्रीचे कपडे तेवढे जवळ ठेवावेत.

पडताळणी : क्योतो स्थानकाला दोन तोंडे आहेत. शिंकानसेन हाचिजो बाजूला, म्हणजे दक्षिणेला येते. शहर बसचे मुख्य स्थानक कारासुमा बाजूला, उत्तरेला आहे. कुणाला भेटायचे असेल तर बाजू सांगूनच वेळ ठरवावी.

## टप्पा ७ : रेल्वे आधी, बस नंतर

क्योतोत सगळीकडे बसने जाता येते, आणि नेमका तोच सापळा आहे. मोसमात एकामागून एक भरलेल्या बस थांब्यावर न थांबता जातात. शक्य तितके अंतर रेल्वेने कापावे आणि शेवटचा तुकडा तेवढा बसने किंवा पायी. उदाहरणार्थ, किनकाकु-जीला थेट जायचे झाल्यास क्योतो स्थानकावर बसच्या रांगेत उभे राहण्याऐवजी कारासुमा मार्गाने किताओजीला उतरावे आणि तिथून २०४ किंवा २०५ क्रमांकाची बस घ्यावी.

शहराच्या मधल्या क्षेत्रात बसभाडे सरसकट २३० येन आहे. मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे आणि उतरतानाच पैसे द्यायचे किंवा कार्ड टेकवायचे, असा रिवाज आहे. रोख देताना नेमकी रक्कम टाकावी लागते. यंत्र उरलेले पैसे परत देत नाही, मात्र चालकाशेजारी नोट मोडून घेण्याची सोय असते आणि हे काम बस थांबलेली असताना, रांग लागण्यापूर्वी करायचे असते. इकोका किंवा सुइका हे आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड घेतले की ही सगळी धांदल टळते.

फक्त बसचा एकदिवसीय पास कुणी सुचवला, तर ती जुनी माहिती समजावी. त्याची विक्री २०२३ मध्येच थांबली. आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून १,१०० येनचा पास आहे, आणि दिवसात पाच वेळा चढ-उतार होणार असेल तरच तो परवडतो.

चार जण असतील आणि ज्येष्ठ बरोबर असतील, तर कियोमिझूच्या चढावासाठी टॅक्सी करावी. टॅक्सीचे मागचे दार चालक स्वतः उघडतो आणि लावतो. त्याला हात लावू नये.

पत्ता विचारताना एक खुबी उपयोगी पडते. इथल्या पत्त्यांत ‘आगारू’ म्हणजे त्या चौकातून उत्तरेला आणि ‘सागारू’ म्हणजे दक्षिणेला, असे लिहिलेले असते.

## टप्पा ८ : दरवाजाच्या आत

गोशो. राजवाड्याभोवती मोठे सार्वजनिक उद्यान आहे. उत्तर-दक्षिण ते एक किलोमीटरहून लांब आहे आणि त्याचे दरवाजे अनेक आहेत. राजवाड्यात मात्र पश्चिमेच्या भिंतीतल्या सेइशो-मोन या एकाच दरवाजाने सोडतात. त्यासाठी इमादेगावा स्थानकावर उतरावे. दक्षिणेच्या मारुतामाचीला उतरलेली मंडळी खडीवरून बरेच अंतर तुडवतात आणि आत जाण्याआधीच दमतात. शेवटचा प्रवेश ऋतूप्रमाणे बदलतो : एप्रिल ते ऑगस्ट दुपारी ४.२०, मार्च आणि सप्टेंबर ३.५०, ऑक्टोबर ते फेब्रुवारी ३.२०. इमारतींच्या आत जाता येत नाही. आखलेल्या वाटेने अंगणांतून फिरून त्या बाहेरूनच पाहायच्या असतात, तेव्हा सिंहासन जवळून पाहण्याची अपेक्षा घेऊन जाऊ नये.

निजो. इथे उलट आहे. बूट काढून दालनांमधून चालता येते, पण निनोमारूच्या आत छायाचित्रे काढायला मनाई आहे. तिकीट दुपारी चारपर्यंतच मिळते. चालताना पायांखालची फरशी पक्ष्यासारखी चिवचिवते. तो आवाज ऐकण्यासाठी मुद्दाम पाय आपटणारे दिसतात. हलके पाऊल टाकले तरी आवाज तितकाच येतो.

मंदिरे आणि देवस्थाने. चपला बाहेर काढण्याची सवय आपल्याला असतेच, तरी एक चूक हमखास होते. बूट काढून मोज्यांनी खालच्या जमिनीवर उभे राहायचे नसते; बुटातून पाय काढला की तो थेट वरच्या लाकडी पायरीवर ठेवायचा असतो. स्वच्छतागृहाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या घालून परत दालनात येणे ही पाहुण्यांची सर्वांत ठळक चूक समजली जाते.

शिंतो देवस्थानात दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकतात. बौद्ध मंदिरात टाळी वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात. दारात तोरी कमान दिसली की देवस्थान, एवढी खूण बहुतेक वेळा पुरते.

सावधान : गिओनमधल्या खाजगी गल्ल्यांत छायाचित्रणाला बंदी असून १०,००० येन दंडाच्या पाट्या लावलेल्या आहेत, आणि २०२४ पासून काही गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या आहेत. हानामिकोजी हा मुख्य रस्ता खुला आहे. वाटेत माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली तर तिच्या पुढे धावून फोन रोखू नये.

रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या जवळजवळ नसतात. एक रिकामी पिशवी खिशात ठेवावी आणि कचरा हॉटेलवर आणून टाकावा.

## टप्पा ९ : जेवण

शाकाहारी माणसाची अडचण मांसाने होत नाही, ती ‘दाशी’ने होते. माशापासून काढलेला हा रस्सा सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, भाजीत आणि बुडवून खायच्या सॉसमध्येही असतो, आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. नीकू म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा आणि दाशी, हे तिन्ही चालत नाहीत, असे जपानी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवावे आणि मागणी देण्याआधी दाखवावे.

खात्रीचा मार्ग म्हणजे शोजिन र्‍योरी, बौद्ध मठांतले जेवण. त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळे मात्र असतात, हे जैन मंडळींनी ध्यानात घ्यावे. अशी ठिकाणे बहुधा दुपारीच वाढतात आणि अनेक ठिकाणी आधी सांगावे लागते, म्हणून हे जेवण टप्पा २ च्या कागदावर नोंदवावे. नानझेन-जीच्या परिसरातले युदोफू, म्हणजे गरम पाण्यातले तोफू, पाहताना निर्धोक वाटते, पण सोबतच्या सॉसबद्दल विचारूनच ते घ्यावे.

निशिकी बाजारात चालता चालता खाऊ नये. ज्या दुकानातून घेतले त्याच्यापुढेच उभे राहून संपवावे.

पहाटेच्या दिवसांची न्याहारी आदल्या रात्रीच आणून ठेवावी. हॉटेलची न्याहारी बहुधा सातच्या आसपास सुरू होते आणि सहाला कियोमिझूच्या चढावरची बहुतेक दुकाने बंदच असतात. कोपऱ्यावरच्या दुकानात केळी, दही आणि नुसत्या मिठाच्या भाताचा गोळा, म्हणजे शिओ-मुसुबी, मिळतो. घरून आणलेल्या चटणीबरोबर तो खाऊन, पावणेसहाला बाहेर पडावे.